पाणी घरी नव्हतं

लग्नाच्या आदल्या सकाळी धुकं आलंच नाही.

सेलामा रोपवाटिकेच्या दारात उभी राहून त्याची वाट बघत होती. तसं धुकं कधी सांगून येत नाही. तळ्यावरून उठतं, गावातल्या पत्र्यांवरून लोळत लोळत वर चढतं आणि लाडावलेल्या पाहुण्यासारखं कॉफीच्या झाडांत शिरून बसतं. तिच्या लहानपणी तर ते दुपारपर्यंत हलायचं नाव घ्यायचं नाही. आई त्यातूनच हाक मारायची. हाकेच्या दिशेनं चालत गेलं की आधी आईच्या तोंडातून निघणारी वाफ दिसायची आणि मग आई. आता या डोंगरावर कुणाच्या तोंडातून वाफ निघालेली बघून जमाना झाला होता. आज तर आभाळ घासून ठेवलेल्या परातीसारखं लख्ख होतं, आणि ऊन न्याहारीच्या आधीच खांद्यावर येऊन बसलं होतं.

"गरम होतंय ना गं बायांनो?" ती रोपांना म्हणाली.

रोपं काही बोलली नाहीत. काळ्या पिशव्यांमध्ये ओळीनं उभी होती, पानं अशी तुकतुकीत की वाकून त्यांत बघत भांग पाडून घ्यावा. या सगळ्या उद्याच्या नवऱ्या. नवरदेव वारा. साक्षीला एका बाजूनं माती, दुसऱ्या बाजूनं सूर्य. आणि मुलीचा वली, म्हणजे तिचा हात नवऱ्याच्या हातात देणारा घरातला वडीलधारा, ते पाणी. या डोंगरात कॉफी अशीच लावतात. लग्नाशिवाय रोप मातीत घातलं असं सेलामाच्या घरात कधी कुणी केलेलं नव्हतं, आणि हे लग्न लावायचे शब्द त्या घरात बायकांकडे होते. आजीकडून ते आईकडे आले. मागच्या वर्षी आई गेली तेव्हा ते सेलामाच्या ओंजळीत पडले. तिला ते पाठ होते, तरी गेले काही दिवस ती पुटपुटत होती: चुलीपाशी, वाटेवर, आणि एकदा तर मीठ घेता घेता दुकानदारासमोर. तो बिचारा घाबरून म्हणाला होता, बाई, माझं लग्न झालंय.

"आत्या, या सगळ्या एकाच नवऱ्याला कशा गं?" मागून सेरी आली, हातात पानफुटीची जुडी घेऊन. सेरी म्हणजे थोरल्या भावाची मुलगी. शाळा, पाठ्यपुस्तकं आणि प्रश्न या तिन्ही गोष्टी ती बरोबर घेऊनच हिंडायची. "एवढ्या बायका म्हणजे वाऱ्याची चैन आहे."

"चैन कसली? एवढ्या जणींची बोलणी खातो म्हणून तर एका जागी थांबत नाही."

सेरी खळखळून हसली आणि पानफुटी पाण्यात ठेवायला गेली. थंड प्रकृतीचं झाड ते. त्याच्या पानांनी पाणी शिंपडलं की नवरीच्या अंगातली, मनातली आणि घरातली धग उतरते अशी समजूत. सेरी नळीखाली भांडं धरून उभी राहिली. उगमापासून बांबूच्या नळीनं अंगणात येणारं पाणी आज दोऱ्यासारखं बारीक येत होतं, आणि रंगानं चहासारखं.

"इपाक, पोरी, गाळून घे," सेलामा म्हणाली, आणि तिचं लक्ष पुन्हा रोपांकडे गेलं.

गावात तिला अजून इनेन मायाक म्हणायचे. म्हणजे नवी नवरी. पहिलं मूल होईपर्यंत बाईला हेच नाव, आणि मूल झालं की त्याच्या नावानं. भाऊ शुक्री सेरीचा बाप म्हणून अमान सेरी झाला, वहिनी इनेन सेरी झाली. सेलामाला मूल झालं नाही. नवराही गेला, केस पांढरे व्हायला लागले, पण नाव बदलायला काही कारणच घडलं नाही, म्हणून ती आपली नवी नवरीच. सुरुवातीला या नावानं रडू यायचं. नंतर गंमत वाटायला लागली. डोंगरातली सगळ्यात जुनी नवी नवरी, आणि तीच आता इतरांची लग्नं लावणार.

*

दुपारच्या जेवणाला महदी पोचला. धाकटा भाऊ. पश्चिम किनाऱ्यावरच्या कोळशाच्या धक्क्यावर कामाला होता. वर्षातून एकदोनदा यायचा, आणि आला की वहिनी त्याला आधी नखं धुवायला पाठवायची. नखं काही पांढरी व्हायची नाहीत. त्यानं पिशवीतून सुकी मासळी काढली, सेरीसाठी केसांचे चाप काढले, वाटेत प्यायच्या पाण्याच्या मोठ्या बाटल्या काढून कोपऱ्यात ठेवल्या आणि चटईवर मांडी घालून बसला. आंबट तिखट कालवणाचा वास त्यानं डोळे मिटून असा घेतला की सेलामाला तो पुन्हा सात वर्षांचा दिसला.

कालवणात तळ्यातली चिमुकली मासळी नव्हती, बाजारातला मासा होता. ही तळ्यातली मासळी थंडी पडली, वारा बदलला, भुरभुर पाऊस आला की किनाऱ्याशी यायची. आता येते तेव्हा येते, असं वहिनी म्हणाली. मासळीला काय कळतं, शुक्री म्हणाला, तिला वाटत असेल अजून थंडी पडायचीय.

हे बोलणं इथून तिथे गेलं आणि खालच्या बागेपाशी येऊन थांबलं. घरातलं कुठलंही बोलणं सध्या तिथेच येऊन थांबत असे. खालची बाग आजोबांनी लावलेली. तिच्यावर तीन पिढ्या जेवल्या. पण आता तिथे फुलोरा वेडावाकडा यायचा, बोंडं एकदम पिकायची नाहीत, आणि ऊब वाढली तसा बोंडात भोक पाडणारा बारीक काळा किडा खालच्या दरीतून वर चढून आला होता. लाल बोंड दाबावं तर आत पीठ. म्हणून आई गेल्यावर चाळिसाव्या दिवशी सगळ्यांनी बसून ठरवलं होतं की नवी रोपं वर लावायची, थंडाव्यात, जंगलापलीकडे जो जुना पडीक तुकडा आहे तिथे. झाड एकही तोडायचं नाही. उगमाच्या डोक्यावरचं जंगल तर नाहीच नाही. शुक्रीही हो म्हणाला होता.

आता शुक्रीनं हात धुतले, तोंड पुसलं आणि अगदी सहज आवाजात सांगितलं की तो तुकडा पुरणार नाही. मोजून आलोय. अर्धीसुद्धा रोपं मावत नाहीत. उगमाच्या वरचा उतार घ्यावा लागेल.

सेरीच्या हातातला घास तसाच राहिला.

सेलामानं विचारलं, चाळिसाव्या दिवशी काय ठरलं होतं. तो म्हणाला, चाळिसाव्या दिवशी सगळे रडत होते, रडताना माणूस काहीही ठरवतो. मग तो आवाज न चढवता बोलत राहिला. त्याचं हेच अवघड होतं. तो ओरडला असता तर त्याच्याशी भांडता आलं असतं.

"आपण खातोय ती बाग कशावर उभी आहे?" तो म्हणाला. "आजोबांनी जंगल तोडलं तेव्हा उभी राहिली ना? तेव्हा कुणी रडलं नाही. आता ऊन वर चढलं, तर आपण दोन पावलं वर सरकायचं नाही? मग जायचं कुठे?"

सेलामाचा हात कानाकडे गेला. आजोबांच्या हातचं पहिलं पीक विकून आईच्या कानातले आले होते, आणि तेच आत्ता तिच्या कानात होते. तिनं महदीकडे पाहिलं. लहानपणापासून या घरात दोन बाजू झाल्या की ती आणि महदी एका बाजूला असायचे.

महदी आधी तिच्याच बाजूनं बोलला. म्हणाला, दादा, पाण्याच्या डोक्यावरचं झाड काढलं की पाणी जातं. धक्क्याच्या वाटेवरचे ओढे मी डोळ्यांनी बघतो, नुसते दगड उरलेत.

"तू मला शिकव," शुक्री शांतपणे म्हणाला. "जहाजं भरभरून कोळसा पाठवणारा तू. जग तापवायचं तुम्ही आणि चार झाडं तोडली म्हणून गुन्हेगार मी."

महदीच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळलं. तो रागावला नाही. नखांकडे बघत राहिला, आणि मग झोपेत बोलावं तसं बोलला.

"खरंय ते. संध्याकाळी जहाज सुटतं ना, तेव्हा मी बघत उभा असतो. काळा डोंगरच असतो तो, समुद्रावरून चाललेला. कुठेतरी लांब जाऊन पोचतो. तिथले लोक तो जाळतात, दिवे लावतात, गार हवेची यंत्रं लावतात. आणि त्याची धग तिथे थांबत नाही, दादा. ती हिंडत हिंडत, विचारत विचारत आपल्याच घरी येते. मला वाटायचं मीच तिला पत्ता दिलाय."

वहिनीनं त्याच्या ताटात न विचारता भात वाढला.

आणि मग महदीनं बाजू बदलली. त्याला ती नोकरी सोडायची होती. घरी यायचं होतं. पण घरी येऊन लावायचं काय? खालची बाग दादाच्या हाताखालची, आणि तीही मरायला टेकलेली. पडीक तुकडा अर्ध्या रोपांनी भरणार. त्याला स्वतःचा उतार हवा होता, थंड, उंच, धुक्यातला. तो ताईकडे न बघता म्हणाला की दादा म्हणतोय तेवढं नाही, पण थोडं जंगल काढायला हरकत नसावी.

सेलामाला चटईखालची जमीन सरकल्यासारखं वाटलं. तिला त्याचा राग यायला हवा होता. पण कोळशापासून सुटायला जंगल मागणारा भाऊ तिच्यासमोर मान खाली घालून बसला होता, आणि त्याची मानही तीच, लहानपणी ती तेल लावायची ती.

"विन," ती एवढंच म्हणाली. घरातल्या लाडक्या मुलाला म्हणतात तसं.

तेवढ्यात वहिनी बोलली. इतक्या वर्षांत ती या चटईवर क्वचित बोलली असेल. भांडणात ती नेहमी भांडी उचलायची. आताही उचलत उचलतच म्हणाली, "पाणी आठवडाभर गढूळ येतंय. मी कुणाला सांगू, मलाच भरायचं असतं."

"मांडवाची माती असेल," शुक्री म्हणाला.

कसला मांडव, सेलामानं विचारलं.

शुक्रीच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच थोडा उजेड पडला. ते त्यानं गुपित ठेवलं होतं. आईच्या माघारी पहिलं लग्न, तेही उगमाच्या काठी. तिथे चार माणसं धड उभी राहत नाहीत इतकी गर्दी झाडांची. म्हणून त्यानं काठची काही झाडं काढून छान मोकळं अंगण केलं होतं. मुलींच्या लग्नाला जागा नको? आईनं आयुष्यभर अडचणीत वाकून लग्नं लावली, सेलामानं तरी ऐसपैस लावावं.

हे तो मनापासून सांगत होता. सेलामानं डोळे मिटले. वलीच्या घरी लग्न, आणि मांडवासाठी वलीचंच छप्पर काढलेलं.

*

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ते निघाले. टोपल्यांत रोपं, रोपांवर काळ्या कापडाची, लाल पिवळ्या हिरव्या वेलबुट्ट्यांची लग्नाची शाल. हीच शाल आईच्या लग्नात होती, सेलामाच्याही. पुढे शुक्री, मग महदी, मग वहिनी, शेवटी सेरी आणि सेलामा. सेरी नेहमीसारखी बडबडत होती. वाऱ्याला सासुरवाडीचं जेवण काय देतात, साक्षीदार सूर्य ढगाआड गेला तर लग्न मोडतं का. सेलामा हं हं करत होती आणि कान देऊन चालत होती.

एक वळण होतं वाटेवर, मोठ्या नेच्यापाशी. तिथून पाणी ऐकू यायचं. आधी ऐकू यायचं आणि मग दिसायचं, आईसारखं. लहानपणी त्या वळणावर आई बोट ओठांवर ठेवायची, पोरी, वली जागा आहे, नीट चाल. आणि वेण्या उडवत पळणारी सेलामा पळायची थांबायची, तिच्याबरोबर तिची सावलीही.

वळण आलं. सेरीसुद्धा गप्प झाली.

किडे किरकिरत होते. एक पक्षी लांबून तेच तेच विचारत होता. बाकी काही नाही.

मग झाडी संपली आणि एकदम ऊन. इतकं ऊन त्या जागेनं कधी बघितलं नसेल. नेचे करपून तांबूस पडले होते, बुंध्यांचे ताजे काप दातांसारखे पांढरे चमकत होते. तोडलेल्यातलं सगळ्यात मोठं झाड नेमकं उगमाच्या कुशीवर आडवं पडलं होतं. काठ धरून ठेवणारी मुळं सुटली तशी वरची माती ढासळून त्याच्यावर बसली होती. जिथे पाणी उकळ्यांसारखं वर यायचं, शेवाळाच्या गादीतून, तिथे चिखलाचा ढीग होता, आणि त्यावर पिवळी फुलपाखरं.

शुक्री टोपली घेऊन तसाच उभा राहिला. "मी इथून गेलो तेव्हा वाहत होतं," तो म्हणाला. मग पुन्हा, हळू, "वाहत होतं मी गेलो तेव्हा."

तो खोटं बोलत नव्हता, हे सगळ्यांना दिसत होतं. पण थोरला भाऊ असल्यामुळे त्याला फार वेळ तसं उभं राहणं परवडणारं नव्हतं. त्यानं घसा खाकरला, सगळ्यांना आपापल्या जागा सांगितल्या, शाल सारखी केली. जणू पाहुणे खोळंबलेत. आणि मग महदीच्या पिशवीतून पाण्याची एक बाटली काढून चिखलाशेजारी उभी केली. कारखान्यातून आलेलं पाणी, निळं झाकण, वर छापील डोंगर.

सेरीला हसू आवरेना. वहिनीनं तिला चिमटा काढला, पण वहिनीचेही ओठ थरथरत होते.

"हा कुणाचा वली?" सेलामानं विचारलं. "याला कुणी ओळखतं का?"

शुक्रीला उत्तर येत होतं. मुलीचा बाप, आजा, भाऊ, काका कुणीच नसलं तर काझी वली म्हणून उभा राहतो, सरकारकडून. लग्न होतं. धर्माला मान्य असतं. तसंच हे. पाणी ते पाणी.

सेलामा चिखलाच्या काठी बसली. तिला गंमत वाटत होती की तिचा आवाज थरथरत नव्हता. शब्द कुठूनतरी येत होते, दुसऱ्याच कुणाच्या तरी निवांत आवाजात.

"होतं, दादा. बरोबर आहे तुझं. पण काझी कधी उभा राहतो? खरा वली मेला असेल तर. किंवा कुठे गेला कुणालाच माहीत नसेल तर. आणि ते असं मनात म्हणून चालत नाही. घरातल्या मोठ्या माणसाला चार लोकांत तोंडानं सांगावं लागतं, की मुलींचा वली मेला. तू मोठा आहेस. सांग. मी लगेच लग्न लावते. मग वरचं जंगल तोड नाही तर ठेव, मी शब्द काढणार नाही."

ती खरंच तसं करणार होती. हे तिला स्वतःलाही बोलता बोलताच कळलं. एका वाक्यावर येऊन ठेपलं होतं सगळं: जंगल, पाणी, मुली, आईचे शब्द. आणि ते वाक्य तिच्या हातात नव्हतं.

शुक्रीनं तोंड उघडलं.

ऊन त्याच्या टकलावर चमकत होतं. महदी त्याच्याकडे बघत होता, आणि सेलामाला दिसलं की महदीचे ओठ हलताहेत, नको, नको. कालच जंगल मागणारा महदी. शुक्रीनं चिखलाकडे पाहिलं. याच काठावर तो पोहायला शिकला म्हणून बढाया मारायचा, गुडघाभर पाण्यात. इथूनच आईला शेवटची आंघोळ घालायचं पाणी त्यानं स्वतः खांद्यावरून नेलं होतं, कुणाला घागर धरू दिली नव्हती.  

"माझ्याच्यानं म्हणवत नाही," तो म्हणाला.

 मग त्यानं वाकून ती बाटली उचलली, झाकण उघडलं आणि घटाघटा पिऊन टाकली. एरवी कुणी हसलं असतं.

"मग आता मुलींचं काय करायचं?" वहिनीनं विचारलं. तिनं रोपांना मुली म्हटलेलं सेलामानं पहिल्यांदाच ऐकलं.

सेलामालाही माहीत नव्हतं. तिनं उत्तर शोधलं नाही. नुसतं विचारल्यासारखं म्हणाली की ठरलेल्या दिवशी वली घरी नसला तर नवरी कुठे थांबते? सेरी पटकन म्हणाली, वलीच्याच घरी. तो येईपर्यंत.

"वलीच्याच घरी," सेलामा म्हणाली, आणि तिची नजर वर गेली. मोकळ्या केलेल्या अंगणापलीकडे, चढावर, जिथे अजून करवत पोचली नव्हती. तिथे उंच झाडांखाली हिरवा काळोख होता, आणि त्या काळोखातून गारवा असा येत होता की कुणीतरी दार किलकिलं ठेवलंय.

शुक्रीच्या ध्यानात आलं. तो काही मूर्ख नव्हता. ज्या घरात पोरी बसल्यात त्या घराचा खांब कुणी काढत नाही, हे त्याला सांगावं लागणार नव्हतं.

"आणि तो आलाच नाही तर?" त्यानं विचारलं. आवाजात हुज्जत नव्हती. भीती होती, आणि ती खरी होती. खालची बाग मरत होती. सेरीची शाळा होती. महदीला घरी यायचं होतं. ऊन काही या लग्नासाठी थांबणार नव्हतं.

"मला माहीत नाही, दादा," सेलामा म्हणाली. "सगळ्या जगाचा हात कुणाच्या हातात द्यायचा ते मला नाही सांगता येत. या एवढ्या मुलींचं माझ्याकडे आहे."

पहिली टोपली महदीनं उचलली. मग सगळेच लागले. झाडांच्या मुळांमधल्या बेचक्यांत, कुजलेल्या पानांवर, एकेक रोप ठेवत गेले. सेरी प्रत्येकीला काहीतरी नाव देत होती. वहिनी पानफुटीची जुडी कालच्या गाळलेल्या पाण्यात बुडवून शिंपडत होती. तिथे पाय रुतत होते, माती अजून ओली होती, आणि सेलामाच्या अंगावर शहारा आला तो थंडीचा. खरीखुरी थंडी, दंडावर बारीक काटा आणणारी. ती हातावर हात चोळत उभी राहिली आणि तिला कुणाला बोलावून दाखवावंसं वाटेना. फक्त थांबावंसं वाटलं.

परत आली तेव्हा पुरुष झाड हलवायला लागले होते. ते दोघांनी हलणारं नव्हतं. घटकाभर जोर लावून महदी खाली बसला. म्हणाला, गावातून माणसं आणावी लागतील, दोर लागतील. मी धक्क्यावर कळवतो, इतक्यात येत नाही म्हणून. कितीपर्यंत, हे त्यानं सांगितलं नाही.

शुक्रीनं मात्र हात पुसले, खांद्यावरचं पागोटं डोक्याला नीट बांधलं आणि बायकोकडे पानाचा डबा मागितला. वहिनी त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिनं कमरेचा डबा काढून दिला. त्यानं हिरवी पानं उलगडली, चुना लावला, सुपारी ठेवली, नीट घडी केली. लग्नाचं आमंत्रण असंच द्यायचं असतं, विडा पुढे ठेवून, आणि ते थोरल्या भावानंच द्यायचं असतं. तो चिखलाच्या ढिगासमोर गुडघ्यांवर बसला. विडा ठेवायला कोरडी जागा शोधली. शेवटी स्वतःच्या तळहातावरच धरला.

सुरुवात त्याला जमली नाही. पुन्हा केली. ही गावातल्या मोठ्या घरांत जाऊन करायची भाषा होती, आणि शुक्री ती फर्डी बोलायचा. आज शब्द मोजून पडत होते.

"घरधनी," तो म्हणाला, "आम्ही मुली घेऊन आलो होतो. तुम्ही भेटला नाहीत. चूक तुमची नाही. दार आमच्या हातून मोडलं. मुली तुमच्याकडे ठेवल्यात. त्यांना सांभाळा. मी उद्या परत बोलवायला येतो. उद्या नाही भेटलात तर परवा येईन."

तो थांबला. पाणी आलं नाही. तसं कुणाला वाटलंही नव्हतं. फुलपाखरं उठली आणि परत बसली. शुक्रीनं हात तसाच पुढे धरला होता, विडा घेऊन, जितका वेळ मोठ्या माणसाच्या दारात धरतात तितका.

मग ते उतरायला लागले. रिकाम्या टोपल्या एकमेकींवर आदळून वाजत होत्या, म्हणून महदीनं त्या छातीशी कवटाळून घेतल्या. सेरी काहीतरी बोलायला गेली आणि आपण होऊनच थांबली. सगळे वाळक्या फांद्या चुकवत, पाऊल जपून टाकत चालले होते, आत कुणीतरी नुकतंच झोपी गेलेलं असावं तसे.